दोन सूत

त्या मोटारसायकलीची हकिकत आमच्या पेठेत अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ सांगतो की वेल्डर प्यालेला होता आणि त्याने सांधा कच्चा ठेवला. चहाच्या टपरीवर सांगतात की पोरगा वाऱ्यासारखी गाडी पळवत होता. सुनेच्या माहेरी असे बोलले जाते की म्हाताऱ्याला या वयात हौस सुचली आणि त्याने पोटच्या पोराचा पाय घालवला. यातले शेवटचे म्हणणे सत्याच्या सर्वांत जवळ जाते. तरीही ‘हौस’ हा शब्द मला मान्य नाही, आणि तो प्रथम खोडून काढतो.

गाडी माझ्या मुलाची होती. तो अकलूजच्या बाजूला एका साखर कारखान्यात इंजिनिअर आहे. पाय पुढे पसरून आरामखुर्चीत बसल्यासारखे बसायचे, अशी ती लांब, बुटकी, जुनी क्रूझर त्याने कोणाकडून तरी घेतली होती, आणि चार वर्षे ती आमच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. एके दिवशी त्याने मोबाइलवर मला एक चित्र दाखवले. परदेशात मातीच्या गोल मैदानावर ज्या गाड्यांच्या शर्यती होतात, त्यांच्याच बांध्याची, पण रस्त्यावर चालवायची ती गाडी होती. सपाट बैठक, रुंद सरळ हँडल, मोठी चाके, मागे मडगार्डसुद्धा नाही. तिला स्ट्रीट ट्रॅकर म्हणतात, असे तो म्हणाला.

“अप्पा, आपल्या गाडीची अशी होईल?”

माझे आयुष्य यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेले. माझ्या लेथवर लोकांचे माग उभे राहिले, पण या मुलाने लहानपणापासून माझ्या कपड्यांच्या तेलकट वासाला नाक मुरडले. आपल्या हाताने काही करून द्या, असे त्याने तोवर कधीही म्हटले नव्हते. मी होईल म्हणालो. याला हौस म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे.

भाऊ सांगतो तसे ते काम वेल्डरच्या एकट्याच्या हातचेही नव्हते. गाडीची चौकट मागून कापली ती मी. पत्र्यातून सपाट बैठक ठोकून काढली ती मी. पाय ठेवायचे खुंट पुढून काढून मागे आणले, मागचा भाग उचलायला लांब शॉकअब्सॉर्बर बसवले, सगळ्या खुणा खडूने मी केल्या. जोडकाम मात्र वेल्डरचे. तेलुगू विणकर घरातला हा माणूस माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि तीस वर्षांपासून माझा जोडीदार होता. मी मागाचा तुटलेला भाग घडवायचा आणि त्याने तो जोडायचा, अशी आमची रीत. दुसऱ्याच्या कामावर पट्टी लावायची नाही, हीही रीतच. त्याने आणून दिलेली वस्तू मी मोजली असती तर तो उठून गेला असता, आणि त्याने माझी मोजली असती तर मी त्याला दारात उभे केले नसते.

आता सूत या शब्दाविषयी सांगतो, कारण सगळी हकिकत त्याच्यावर उभी आहे. लोखंडाच्या दुकानात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सळई घेताना वेल्डरही हाच अर्थ धरी आणि मीही. पण मागाच्या कामात दोन भागांमधल्या फटीला आम्ही दोघे सूत म्हणायचो ते वेगळ्या अर्थाने. एक सूत फट म्हणजे एक धागा अडकल्याशिवाय ओढून निघेल एवढी. हा अर्थ कोणत्याही पुस्तकात नाही. तो मी रूढ केला होता, आणि त्याने माझ्याकडून घेतला होता.

मुलाने आणलेले मागचे टायर रुंद होते; ते मूळ चिमट्यात बसेना. चिमटा म्हणजे मागचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारे लोखंडी हात. ते कापून रुंद करायचे होते, आणि नेमके तेव्हाच माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यावर पट्टी घेऊन मी घरी पडलो होतो. वेल्डरचा फोन आला.

“अण्णा, टायर आणि चिमट्याच्या मधी किती ठेवू?”

“दोन सूत.”

“लई कमी होतंय की, अण्णा.”

माझ्या मनात पाव इंच होते. पाव इंच पुरेसे असते.

“कमी नाही. डोळा गेलाय माझा, डोकं नाही. दोन सूत म्हणजे दोन सूत.”

“बरं. तुमी म्हणता तर तसं.”

चार दिवसांनी तो चिमटा बसवून गाडी टेंपोत घालून घेऊन आला. पट्टी निघाली होती, पण नजर अजून धूसर होती. मी चाक हाताने फिरवले. ते आवाज न करता फिरले.

“दोन सूत ठेवलंय, अण्णा. दोन्ही बाजूनी ओढून बघितलं.”

मी बरे म्हणालो. ‘ओढून’ हा शब्द माझ्या कानावर स्पष्ट पडला होता. पाव इंचाची फट कोणी धागा ओढून तपासत नाही. तो शब्द मी ऐकला आणि मुलगा गाडीवर बसून आरशात स्वतःला पाहत होता, तिकडे बघत राहिलो.

गावात पंधरा दिवस गाडी चालली. एवढ्याशा फेऱ्यांत टायर तापत नाही. मग मे महिन्यातल्या एका दुपारी मुलगा पाठीला बोचके बांधून कारखान्याकडे निघाला. तापलेले टायर फुगते, वजनाने आणखी पसरते. टेंभुर्णी जवळ आली तेव्हा ऐंशीएक किलोमीटर रबर लोखंडावर घासले गेले होते. टायर फुटले. मुलाचा डावा गुडघा आता वाकत नाही. तो वेगात नव्हता. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने हे पोलिसांना स्वतः सांगितले आहे. टपरीवरच्या मंडळींनी याची नोंद घ्यावी.

पोलीस ठाण्याच्या आवारात मी ती गाडी पाहिली. तोवर नवा चष्मा आला होता. सांधा अभंग होता, एक रेघही नव्हती. चिमट्याची आतली बाजू मात्र रबराने घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. टायरचा राहिलेला भाग सरळ धरून मी फटीत नख घालून पाहिले. नख गेले नाही. तिथेच मला ‘ओढून’ आठवले; त्याने दोन धाग्यांएवढीच फट ठेवली होती.

दवाखान्यात वेल्डर आला होता. भिंतीला टेकून उभा राहिला.

“अण्णा, मी दोन सूतच ठेवलं हुतं.”

भाऊ शेजारी उभा होता. मी म्हणालो, “नंतर बोलू.”

ते नंतर आठ महिने आले नाही. दरम्यान भावाने आपली हकिकत गावभर केली. वेल्डर रविवारी पीत असे, हे सर्वांना माहीत होते. तेवढ्या आधारावर ती टिकली. खिडक्यांच्या जाळ्या करून घेणारी माणसे दुसरीकडे गेली. शाळेच्या गाड्यांचे बाक तो दर सुट्टीत जोडून द्यायचा, ते काम बंद झाले. ‘पोराचा पाय घालवला त्यानं’ असे कोणी म्हणे, तेव्हा मी तिथे असूनही बोलत नसे. मी खोटे बोललो नाही, असे स्वतःला सांगत असे. मी गप्प बसलो होतो. त्याने शेड सोडली आणि वेल्डिंगचे यंत्र विकले, हे मला आठ महिन्यांनी तिसऱ्याकडूनच कळले.

ते कळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलिसांनी परत दिलेल्या गाडीचा चिमटा काढून पिशवीत घालून मी टपरीवर गेलो. भाऊ होता, नेहमीची सात-आठ माणसे होती. चिमटा बाकावर ठेवला, सांधा दाखवला, घासलेली जागा दाखवली, फोनवरचे बोलणे शब्दशः सांगितले. चूक माझी आहे, त्याची नाही, असे म्हणालो.

भाऊ हसला. “दादा, जन्मात कधी चुकला नाहीस तू. सत्तरी ओलांडल्यावर कुठून आणलीस ही चूक?”

“खरं सांगतोय मी.”

“सांग की. दोस्ताला वाचवायचंय तर वाचव. आम्ही काय फाशी देतोय त्याला?”

दुसरा एक जण चहा फुंकत म्हणाला, “दोस्ती असावी तर अशी. पोरगं अधू झालं तरी माणूस दोष अंगावर घेतोय.”

मी त्याच्याशी भांडलो. भावाशीही भांडलो. मी जितके ओरडलो, तितके त्यांना माझे मन मोठे वाटले. घरी मुलाला सांगितले, तर तो पाय सरळ ठेवून बसल्या जागेवरून म्हणाला, “अप्पा, तुम्ही कशाला अंगावर घेता? तो पितो हे सगळ्यांना ठाऊक आहे.” आयुष्यभर मी कोणाचे ऐकले नाही, त्याचे फळ असे की माझी कबुली ऐकायला कोणी तयार नाही.

संध्याकाळी मी वेल्डरकडे गेलो. तो आपल्या मेव्हण्याच्या चादरीच्या मागावर बसत होता. वाकून काम करणाऱ्यांची सवय तुटली की वय एकदम दिसते. त्याचे दिसत होते. माग बंद करून तो बाहेर आला. टपरीवरची गोष्ट माझ्याआधीच त्याच्यापर्यंत पोचली होती.

“ऐकलं मी. लई चांगलं बोलला म्हणं तुमी.”

“मी चांगलं बोललो नाही. झालं ते सांगितलं.”

“व्हय. पण लोकांनी काय घेतलं? तुमी मोठे झाला, अण्णा. मी हुतो तितंच हाय.” त्याने कपड्यांवरचा कापूस झटकला. “त्या दिवशी दवाखान्यात बोलला असता तर पटलं असतं. तवा तुमाला कुणी मोठं म्हटलं नसतं. शिव्या दिल्या असत्या.”

मी म्हणालो, “यंत्र परत घेऊ. शेड माझ्या जागेत टाक. कामं मी आणतो.”

“आणि लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं दारुड्याला पोसलंय.” तो आत वळला. “जावा. जेवायची वेळ झाली तुमची.”

आतून माग सुरू झाल्याचा आवाज आला. त्या आवाजात बोलून उपयोग नसतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

बोललेले चालत नाही, म्हणून लिहिले. सांधा त्याचा होता आणि तो तुटला नाही. माप माझे होते. त्याने कमी होतंय असे सांगितले होते आणि मी त्याला गप्प केले. यावर ज्यांना अजूनही वाद घालायचा आहे त्यांनी घरी यावे; चिमटा आहे, फूटपट्टी आहे, आणि दुपारी मी घरीच असतो. अजून कोणी आलेले नाही.