शुद्ध मराठीतलं पोस्टकार्ड

कोसंबघाटच्या मनसाराम दिघोरेला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या नाहीत. एक गप्प बसणं आणि दुसरी शुद्ध मराठी. बाकी त्याला सगळं येत होतं. वैनगंगेला कुठे गळ्याएवढं पाणी आहे आणि कुठे घोट्याएवढं, हे तो डोळे मिटून सांगायचा. दुसऱ्या कुणी जाळं फेकलं की हा काठावरून ओरडायचा, "असं नाई जी, असं!" शाळा जेमतेम तिसरीपर्यंत शिकला होता, तरी गाव त्याला पाठीमागे मास्तर म्हणायचं. तोंडावर म्हटलं तर त्याला खरं वाटेल, अशी भीती होती.

त्याचा बाप जंगू याने आंब्याच्या एका खोडातून डोंगा कोरला होता. चौदा हात लांब होडी, कुठे सांधा नाही, खिळा नाही. बाप गेला आणि वल्हं मनसारामच्या हातात आलं. वीस-पंचवीस वर्षं त्याने ब्रह्मपुरीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची इकडे नेली. नवऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, एकदा तर चिडलेली म्हैसही नेली. ब्याऐंशी साली पलीकडचा काठ वेगळ्या जिल्ह्यात गेला, तेव्हा तो उतारूंना ऐटीत सांगायचा, "बसा, परजिल्ह्यात नेऊन सोडतो." पुढे पूल झाला, काळ्यापिवळ्या जीप आल्या, आणि डोंगा फक्त मासेमारीपुरता उरला.

मग सत्त्याण्णव साल आलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून या जंगलाच्या मुलखात एक राष्ट्रीय इतिहास संग्रहालय बांधायचं वरून ठरलं. ठरलं आणि भांडण सुरू झालं. चंद्रपूरवाले म्हणाले, किल्ला आमच्याकडे, राजे आमचे, संग्रहालयही आमच्याकडेच पाहिजे. गडचिरोलीवाले म्हणाले, दरवेळी आम्हीच का सावत्र? एका मंत्र्याने एका ठिकाणी कोनशिला बसवली. सरकार बदललं, दुसऱ्याने दुसरीकडे बसवली. शेवटी दोघांची समजूत काढायला नदीकाठची कोसंबघाटची गायरान जमीन निघाली आणि तिथे तिसरी बसली. पहिल्या कोनशिलेवर, असं म्हणतात, अजून बाया कपडे आपटतात. दगड चांगला आहे.

इमारतीचा नकाशा रंजीता बोरकुटे या नागपूरच्या बाईंचा. त्यांना साधी उतरत्या छपराची, कवेलूची म्हणजे कौलांची, मोठ्या अंगणाची इमारत हवी होती. दिल्लीच्या समितीला घुमट हवा होता, कारण घुमटाशिवाय राष्ट्र दिसत नाही. चंद्रपूरच्या पुढाऱ्यांना किल्ल्यासारखी कमान हवी होती. बाईंनी तिन्ही बसवलं आणि वर दोन मुख्य दरवाजे केले, एक चंद्रपूरकडे तोंड करून, एक गडचिरोलीकडे, म्हणजे कुणाच्याच वाट्याला मागचं दार आलं नाही. एवढी हुशारी मनसारामला फार आवडली. बांधकाम चालू असताना तो रोज जाऊन गवंड्यांना सल्ले द्यायचा आणि रोज हाकलला जायचा.

संग्रहालयाचे अभिरक्षक लोकरेसाहेब साताऱ्याकडचे. माणूस सज्जन, पण सरकारी कागद आणि जंगल दोन्हींना सारखेच घाबरणारे. ते एक दिवस घरी आले आणि म्हणाले, नदीच्या दालनासाठी तुमचा डोंगा द्या. मनसाराम नाहीच म्हणणार होता. पण त्याची बायको प्रेमिला म्हणाली, "द्या ना जी. इथी आंगणात कोंबड्या बसतात त्याच्यात. तिथी लोक तरी पाहतीन." तिचं बरोबर होतं. प्रेमिला सातवी शिकलेली होती आणि तिचं सहसा बरोबरच असायचं.

डोंगा नेला त्या दिवशी मनसारामच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला. उन्हाळ्यात डोंगा महिनाभर बुडवून ठेवावा लागतो, लाकडाला पाणी पाजावं लागतं, नाही तर ते उलतं, म्हणजे चिरत जातं, हे तो सांगणारच होता. पण हाराने त्याचं तोंड बंद केलं. जन्मात एकदा गप्प बसला, आणि तेही नको तेव्हा.

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये तो सहज बघायला गेला. उद्घाटन एक मेला होतं, म्हणून चौकीदार आत सोडेना. मनसारामने खिडकीच्या काचेला नाक लावलं. डोंगा चौथऱ्यावर, वरून चार मोठे दिवे पेटलेले, आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, खाली बोटभर रुंद भेग. बापाने तासलेलं ते लाकूड, त्याला त्यातली एकेक गाठ पाठ होती. भेग अजून वीतभर खाली गेली की तळ उलला, आणि तळ उलला की डोंगा जळणाच्या कामाचा.

"पत्र लिहू," तो घरी येऊन म्हणाला. "पण सरकारले लिहाचं आहे. उलते-बिलते नाई चालत. शुद्ध पाह्यजे."

"उलते म्हणजे पुस्तकात काय म्हणतात?" प्रेमिला सातवीची पुस्तकं आठवत म्हणाली. "मडकं फुटते, भांडं फुटते. फुटेल लिवा."

दोघांनी मिळून पोस्टकार्ड लिहिलं. ते असं होतं:

"मा. साहेब, स. न. वि. वि. आपल्या इमारतीत मी ठेवलेला डोंगा एक मे च्या आत बुडवावा. नाही तर तो फुटेल. मग मला बोल लावू नये. आपला नम्र, मनसाराम दिघोरे, कोसंबघाट."

लोकरेसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. मंत्री येणार, मुलूख असा नक्षलवाद्यांचा, आणि हा माणूस खाली सही करून सांगतोय की मी ठेवलेलं फुटेल! तासाभरात पोलिसांची गाडी आली, दुपारपर्यंत वास काढणारा कुत्राही आला. कुत्र्याने सगळी दालनं हुंगली आणि डोंग्यापाशी येऊन ठाण मांडलं. हलेना. सगळे बाहेर पळाले. लाकडात चाळीस वर्षांच्या माशांचा वास मुरला होता, हे कुत्र्याला कळलं, पण त्याला सांगता येत नव्हतं.

मनसारामला जीपमध्ये घालून आणून दालनाच्या दारात उभं केलं. त्याला वाटलं, पत्राची दखल घेतली. तो खुशीत होता.

"काय फुटणार आहे?" इन्स्पेक्टरने दरडावलं.

"डोंगा जी."

"कशानं?"

"ह्या दिव्यायनं. उन्हाळ्यानं. दुसरं कायनं?"

इन्स्पेक्टर जवळच्याच नागभीडकडचा, बोली तीच. त्याने दारातूनच भेगेकडे पाहिलं. "म्हंजे... उलते?"

"हो जी! उलते!"

"मंग उलते लिवाचं ना बुवा!"

"सरकारले कसं लिवाव जी उलते?" मनसाराम दुखावून म्हणाला. "शुद्ध लिवलं मी."

इन्स्पेक्टर भिंतीला टेकून इतका हसला की कुत्रा भुंकायला लागला. लोकरेसाहेबांना मात्र हसू येईना. कारण आता सगळ्यांनी भेग पाहिली होती, आणि ती सकाळपेक्षा लांब वाटत होती.

"नदीवर न्या, दोन आठवडे बुडवा," मनसाराम म्हणाला.

"नोंदणी झालेली वस्तू इमारतीबाहेर न्यायला दिल्लीची लेखी परवानगी लागते," लोकरेसाहेब म्हणाले. "सहा महिने तरी."

"सहा महिन्यात चुलीत घाला मंग," मनसाराम म्हणाला आणि त्याने भेगेवर हात ठेवला.

शेवटची पाहणी करायला रंजीताबाई आलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डोंगा बाहेर जाऊ शकत नाही. पाणी आत येऊ शकतं ना?"

नियमांच्या पुस्तकात त्याविरुद्ध काही सापडलं नाही. मग दिवे बंद झाले. मनसारामने नदीची चिकणमाती आणून भेग बाहेरून लिंपली, डोंग्याच्या अंगावर ओली गोणपाटं टाकली आणि तो पाण्याने भरायला सांगितलं. शिपाई मांडवाच्या कामाला जुंपलेले, म्हणून त्याने बादली सरळ लोकरेसाहेबांच्या हातात दिली. साहेबांनी अर्धी सांडली. "असं नाई जी, असं," मनसाराम म्हणाला. रोज सकाळी पाणी, दुपारी गोणपाट, संध्याकाळी माती. माती किती ओली हवी, भेगेत बोट कसं फिरवायचं, सगळं साहेबांकडून करून घ्यायचा आणि चुकलं की रागवायचा. बाईंची चकचकीत फरशी चिखलाने भरली, पण त्या काही बोलल्या नाहीत. डास होऊ नयेत म्हणून प्रेमिलाने पाण्यात बोटाएवढे मासे सोडले.

एक मेला दोन्ही दरवाजांच्या दोन फिती कापून मंत्री आत आले. त्यांच्या आधी धावत आलेला स्वीय सहायक ती गोणपाटं पाहून किंचाळला. "हे काय? काढा हे! पाणी उपसा!"

"आज नाई," मनसाराम म्हणाला. "भेग मिटत आली. अजून दोन दिवस."

"कोण तुम्ही?"

मनसाराम डोंग्यापुढून हलला नाही. तेव्हा लोकरेसाहेब, ते सरकारी कागदाला घाबरणारे लोकरेसाहेब, पुढे झाले आणि म्हणाले, "हे इथले तज्ज्ञ आहेत. ते म्हणतात दोन दिवस, तर दोन दिवस." मंत्री वाकले, मासे दिसले, आणि ते मनापासून हसले. त्या अख्ख्या समारंभात तेवढंच हसू खरं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात घुमट आला नाही, कमान आली नाही, मासे आले.

तीन तारखेला पाणी उपसलं, माती धुतली. मनसारामने नाळेपासून तळापर्यंत नख फिरवलं. परत फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

"आता कायमचं झालं ना?" लोकरेसाहेबांनी विचारलं.

"कायमचं कुठी असते जी? दर उन्हाळ्यात पाजा लागते."

साहेब हळूच म्हणाले, "मनसारामभाऊ, राग नका मानू. पण तुमच्यानंतर हे कोणाला येणार?"

मनसारामने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि एवढंही कळू नये.

"मंग बारा दिवस बादली तुमच्या हातात काऊन देली होती, साहेब?"