आईची तयारी

आमच्या घरात मरणाची तयारी नवी नाही. वडील गेले त्याच वर्षी आईनं ती सुरू केली. पांढरी साडी, पांढरं पोलकं, मातीच्या वेळी म्हणायची गीतं, सगळं ठरलेलं. साडी ट्रंकेत डांबरगोळ्यांत असायची आणि दर ईस्टरनंतर गॅलरीत उन्हात पडायची. शेजारच्या काकू इथल्याच, जुन्या चिंचवड गावातल्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "अवो, तेवढी आतल्या अंगाला वाळवत जावा. माज्या नातवाला समदं कळतंय आता." आई हसली. साडी तिथंच राहिली.

डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितल्यापासून तर तिला दुसरा विषयच नव्हता. मी तळवड्याला एका छोट्या युनिटमध्ये तपासणीच्या कामाला आहे. दिवसभर उभं राहून पार्ट मोजायचे, ट्रॅफिकमधून स्कूटर काढत चिंचवडला यायचं, पाय गरम पाण्यात सोडायचे, आणि तेवढ्यात ही सांगणार, "माझ्या वेळी गीत वरच्या पट्टीत धरू नका, बायांचा आवाज चिरकतो." मी हो म्हणायचे. खरं सांगते, मला त्या तयारीचा वीट आला होता.

एवढ्या तयारीत एकच गोष्ट राहून गेली होती, आणि ती चर्चच्या अख्ख्या मंडळीला माहीत होती. आई प्रभुभोजन घेत नव्हती.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला देण्याआधी पाळकसाहेब थांबतात. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर आधी मिटवा, मग या, असं सांगतात. बहुतेक जण मान खाली घालून मनातल्या मनात मिटवतात आणि पुढे जाऊन गुडघे टेकतात. मीही तेच करते. आईला असं मनातल्या मनात जमत नाही. आमचा बाक रिकामा व्हायचा आणि ही एकटी पदर सावरत बसून राहायची.

वाकडं होतं ते मागच्या गल्लीतल्या एका बाईशी. बाई जालन्याकडची, तोंडानं फटकळ. बायांच्या प्रार्थनेत सगळ्यांदेखत ती आईला म्हणाली होती, "मरायची लई हौस दिसती तुम्हाला. साडी वाळवून कुणी स्वर्गात जातंय का?" बाया हसल्या. आईला ते जिव्हारी लागलं, आणि तेव्हापासून अबोला. मी कितीदा म्हटलं, जाऊन चहा पिऊन ये. "तिनं यावं की आधी," हेच उत्तर. दोघी सत्तरी ओलांडलेल्या, दोघींचे गुडघे गेलेले, आणि दोघींच्या घरांमध्ये फक्त एक पिठाची गिरणी.

मग एका सकाळी ती बाई चहा गाळता गाळता ओट्यापाशीच कोसळली. ना आजार, ना दवाखाना. तिच्याकडे कसलीच तयारी नव्हती. सुनेला काही सुचेना, घरात पांढरं लुगडं सापडेना, दुकानं उघडायला वेळ होता. तेव्हा मंडळीतल्या एक बाई आमच्या दारात आल्या आणि चाचरत म्हणाल्या, "तुमच्याकडं तयार असती ना, म्हणून आले."

मला संतापच आला. मागायची काही रीत असते की नाही? पण आईनं ट्रंक उघडली, साडी-पोलकं काढलं, आणि चपला घालून स्वतःच निघाली. गिरणीपर्यंत जाताना दोनदा थांबली. त्या बाईला आंघोळ घालून झाली होती. निऱ्या आईनं घातल्या, पदर आईनं लावला.

घरी आल्यावर ती रिकाम्या ट्रंकेपाशी बसली आणि रडली. वडील गेले तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तू तर साडी दिलीस. मिटलं की आता."

"साडी दिली म्हणजे बोलणं झालं का?" ती म्हणाली. "ती ऐकू शकत होती तेव्हा मी साडी वाळवत बसले."

मी नवी पांढरी साडी आणायला निघाले तर तिनं अडवलं. "राहू दे. मला चाकणला ने."

चाकणला माझी चुलती राहते. तिच्या मुलीच्या लग्नाला आई मुद्दाम गेली नव्हती. म्हणजे आता तयारी नव्यानं सुरू. पुढच्या सुट्टीला, अंग नुसतं ठणकत असताना, मी तिला स्कूटरवर बसवून निघाले. दोघी जावा तासभर एकमेकींचा हात धरून बसल्या. चुलतीनं जबरदस्तीनं शेवया खाऊ घातल्या.

परतताना आम्ही कंपनीच्या बसगाड्या आणि कंटेनरच्या मध्ये अडकलो. पुढे काही हलेना. मागून आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का गं?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण मी दमले होते, आणि दमल्यावर मला खोटं बोलता येत नाही.

"आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं तू जायची तयारी करतेस. मागं मी एकटीच उरणार, याचं तू एकदा तरी नाव काढलंस का?"

कंटेनर थोडा सरकला, आम्हीही सरकलो. मग ती म्हणाली, "मग या रविवारीही मला प्रभुभोजन घेता येणार नाही."

"अगं घे ना तू. केलं मी माफ."

"असं रस्त्यात नाही, बाळा. घरी बसून. तू बोल, मी ऐकते."

त्याला आता बरेच दिवस झाले. पहिला रविवार येतो. मी पुढे जाते, गुडघे टेकते, परत येते. आई बाकावर बसलेली असते. माझ्यावर तिचा राग नाही, घाईही नाही. घरी आल्यावर ती दोन कप चहा करते, समोर बसते आणि वाट बघते. मी म्हणते, आज शिफ्टनं जीव गेलाय, उद्या बोलू. दमलेली तर मी असतेच, ते काही खोटं नाही. पण चाकणहून आल्यापासून तिचं कुणाशीच काही उरलेलं नाही. माझं तेवढं राहिलंय. ते मी बोलले की आईची तयारी पुरी होईल.