कोऱ्या कागदाचा तास

अनिसेतो,

तुला निरोप देताना चर्चमध्ये तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकताना मला जांभया येत होत्या. थोर शिक्षक, सचोटीचा पुतळा वगैरे. खरं काय ते कुणीतरी लिहायला हवं, आणि या ताक्ना शहरात तुझ्या बरोबरीची आता मीच उरले आहे.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. तू पहिल्या वर्षाच्या इंजिनीयरांना व्यवसायाची नीती. त्या तासाला पोरं झोपायलाच येत. पहिल्या दिवशी तू एक कोरा कागद फिरवायचास. हजेरी असेल म्हणून सगळे मुकाट सह्या करायचे. दुसऱ्या दिवशी त्याच सह्यांच्या वर तू मजकूर लिहून आणायचास: 'ही इमारत आम्ही स्वतः तपासली आहे. राहायला सुरक्षित आहे.'

'कुठली इमारत, सर?'

'तेच तर. तुला ठाऊक नाही, आणि सही तुझी आहे.'

पैसे घेऊन न पाहिलेल्या नकाशावर सही ठोकणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ते पीक मोडायचं हे तुझं वेड. पोरं तुला 'कोरा कागद'च म्हणायची.

इतक्या वर्षांत एकटीनं तो कागद सही न करता पुढे सरकवला. नोएमी काताकोरा, बाजारात पाव विकणारीची मुलगी. 'वर काय लिहिणार ते आधी सांगा, सर.' तू जो भेटेल त्याला हे ऐकवत सुटलास. मी म्हटलं, 'बस कर, तुझीच दृष्ट लागेल तिला.'

पुढे इंजिनीयर होऊन तिनं आमच्या चढावरच्या वस्तीतल्या, वरच्या अंगाच्या एका इमारतीच्या नकाशावर सही केली. तिथली जमीन मिठाची. कोरडी असेतो दगड, पाणी मुरलं की साखर. खालचा नळ फुटला, पाणी मुरत राहिलं, आणि एका दुपारी लोक जेवायला बसलेले असताना इमारतीचा कोपरा खचला. पाच माणसं गेली. त्यात एक बाळंतीण होती.

कोर्टात आपण दोघं मागच्या बाकावर होतो. राजधानीहून, लिमाहून आलेल्या न्यायाधीशानं विचारलं, जमीन तपासली होती का. नोएमी म्हणाली, 'रिपोर्ट होता.' होता खरा, पण शेजारच्या प्लॉटचा, पत्ता बदलून जोडलेला. बाहेर नेताना तिला तू दिसलास.

'सर, कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणाला होतात. हा तर भरलेला होता.'

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यानंच तू खचलास. त्यानंतर तू तो कागद काढला नाहीस. विभागप्रमुख म्हणाला, 'चालू द्या की, सर. पोरांना मजा येते.'

'मजाच येते,' तू म्हणालास.

मग सुट्टीत तुझा फोन. 'एर्मे, त्या पडलेल्या जागेतलं एक ढेकूळ आणून दे. पहिल्या तासाला टेबलावर ठेवीन, वरून पेलाभर पाणी ओतीन. रिपोर्ट मागाहून वाचायचा.'

'तू ये की वर. पाय मोडलेत?'

'चढायला छाती साथ देत नाही. आणि तुला माती कळते.'

'मला सध्या माझा गुडघा कळतो. वर्ग मार्चात, आत्ता काय घाई?'

'ढेकूळ मिळाल्याशिवाय मी वर्गात पाऊल टाकणार नाही, एवढं ध्यानात ठेव.'

फेब्रुवारीत तू गेलास. तुझ्या जागी आलेला पोरगा तुझाच विद्यार्थी. पहिल्या दिवशी तो कोरा कागद फिरवतो, आणि छान फिरवतो. पोरं हसतात.

काल मी ढेकळासाठी रिकामा डबा घेऊन त्या जागेवर गेले. तिथं सिमेंटचा कोबा झाला आहे. कडेनं नव्या इमारतीच्या खांबांच्या सळया उभ्या आहेत. राखणदाराला म्हटलं, मूठभर माती हवी होती.

'माती खाली गेली, आजी,' तो म्हणाला. 'कागद बघायचे तर दाखवतो. सगळे आहेत.'

डबा अजून पिशवीतच आहे.