आमची लाइन तासभर एंगेज होती

नव्व्याण्णव सालचा एप्रिल, जळगाव. संध्याकाळचे सात वाजलेले आणि वरच्या मजल्यावरून आमचे धाकटे दीर, आबा, ओरडले... "वहिनी, फोनमध्ये पुन्हा बेडूक ओरडताहेत!"

झालं. त्यांनी वरचा पॅरलल फोन उचलला आणि खाली माझं कनेक्शन तुटलं.

घरात लाइन एकच. आबांचा केळीचा व्यापार, त्यांना दिल्लीचा भाव हवा असायचा. मला इंटरनेट हवं असायचं, आणि तेव्हा ते मोडेमच्या डरांव-डरांव आवाजासकट फोनच्याच तारेतून यायचं... एक चालू असलं की दुसरं बंद.

मी बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन कॉम्प्युटर आणला, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाकं मुरडली. या वयात बाईने जपमाळ हातात घ्यावी म्हणे. का घ्यावी? मी कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी आणि उलट उत्तर दोन्ही मला लहानपणीच येत होतं.

एकट्या आबांना मात्र कुतूहल होतं. या तारेतून पत्र जातं तरी कसं, असं त्यांनी एकदा विचारलं. म्हटलं, केळीचा अख्खा घड पाठवायचा नाही. फण्या सुट्या करायच्या, प्रत्येकीवर पत्ता आणि नंबर टाकायचा आणि मिळेल त्या ट्रकने, मिळेल त्या रस्त्याने सोडून द्यायच्या. दिल्लीत नंबर बघून पुन्हा घड जुळवायचा. एखादी फणी वाटेत हरवली तर तेवढीच परत मागवायची.

आबांनी बोटांवर फण्या मोजल्या. मग म्हणाले, "आणि दलाल?"

"दलाल नाही."

"मग धंदा कसा होणार, वहिनी?"

...तर त्या संध्याकाळी बेडूक ओरडत होते ते त्यांच्याच मुलीसाठी. वैशाली एम.एस्सी. झाली होती, पीएच.डी.साठी गाइडही मिळाले होते. तेवढ्यात अमेरिकेतल्या मुलाचं स्थळ आलं.

मुलगा तिकडेच. इकडे सगळा कारभार त्याच्या वडिलांचा, शिंदखेड्याच्या नानांचा. ते आले, पोहे खाल्ले आणि सांगून गेले, "पोर पसंत शे. पन पुढलं शिकनं बठ्ठं बंद. आमना पोऱ्याले ते पटत नही." आबांनी मान डोलावली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुडा ठरला. वैशालीला कोणी विचारलं? कोणीच नाही.

पण नानांनी बायोडाटावर मुलाचा ई-मेल पत्ता ठळक अक्षरात छापला होता. तो नुसता मिरवायला होता, वापरायला नव्हता, हे आम्हाला मागाहून कळलं!

म्हटलं, वैशाली, बस इथे आणि विचार त्यालाच. तिने लिहिलं मोजकंच आणि स्वच्छ... मला पुढे शिकायचं आहे, शिकायचं नाही ही अट तुमची की तुमच्या वडिलांची?

पहिल्यांदा पाठवताना आबांनी फोन उचलला. दुसऱ्यांदा मेल गेला. अमेरिकेत तेव्हा सकाळ होती, त्यामुळे मी कनेक्शन चालूच ठेवलं आणि आम्ही दोघी त्या पडद्याकडे टक लावून बसलो.

तासाभराने आबा जिना उतरून तणतणत आले... दिल्लीचा फोन यायचाय, लाइन सोडा. आणि नेमकं तेव्हाच उत्तर आलं.

मी ते वाचलं आणि माझा संताप झाला. वैशालीने मात्र वडिलांना समोर बसवलं आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितली. मुलाला स्वतःला तिच्या शिक्षणाची काहीच हरकत नव्हती. पण वडिलांनी ठरवलंय, मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. तुमचा मेल आल्या आल्याच त्यांना फोनवर वाचून दाखवलाय, ते तुमच्या वडिलांशी बोलतील.

"म्हणजे त्याला चालतंय?" आबा.

"हो."

"मग नाही कशाला म्हणतो?"

"नाना म्हणतात म्हणून."

चिडले की आबा भडगावच्या बोलीत जायचे. "उद्या तुले ताप वना, तर डॉक्टरकडे नेवानं का नही, हेबी हाऊ शिंदखेडाले फोन करीसनी इचारी!"

मी कनेक्शन तोडलं मात्र, फोन खणाणला. नानाच होते. तासभर लावत होते आणि तासभर एंगेज! तुमच्या मुलीने परक्या मुलाला पत्र लिहिलं, हे त्यांचं ओरडणं मला पलीकडच्या खुर्चीत ऐकू येत होतं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "नाना, पोरगी शिकणार आहे. तुमच्या मुलाला ते चालतंय, चालत नाही ते तुम्हाला. मग आम्ही साखरपुडा करायचा तरी कोणाशी?" आणि रिसीव्हर ठेवला.

त्या क्षणी मला माझ्या दिराचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता. वैशाली तर रडतही होती आणि हसतही होती.

नाना आधी पोचले असते, तर आबांनी त्यांची माफी मागून आम्हा दोघींनाच झापलं असतं, याची मला खात्री आहे. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता तो. त्या दिवशी मुलीचं म्हणणं त्यांच्यापर्यंत आधी पोचलं, एवढंच.

या यंत्राचं सगळंच गोड नाही, हेही तेव्हाच कळलं. वैशालीने एकाला लिहिलं आणि ते मिनिटात तिसऱ्याच्या कानावर गेलं. आणि प्रश्न अमेरिकेत नेऊन पोचवता येतो, पण तिकडच्या माणसात कणा काही घालता येत नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण... परवा आमच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी फॉरवर्ड टाकला, इंटरनेटमुळे मुली बिघडल्या. अगदी बरोबर आहे, भाऊ! आमची वैशाली त्याच संध्याकाळी बिघडली, पुढे पीएच.डी. झाली, आणि आता धुळ्याच्या कॉलेजात बसून इतरांच्या मुली बिघडवते आहे.