भावजींकडं राहिलेला पुढच्या तारखेचा चेक

मंडळी, आपली फिरती वही आज माझ्याकडं आली आहे, तर दुपारी घडलेलंच लिहितो.

शहापुरातल्या आमच्या साड्यांच्या दुकानासाठी मी निपाणीच्या भावजींकडून कर्ज घेतलं होतं. तारण म्हणून उद्याच्या तारखेचा चेक दिला होता. कर्ज गेल्या महिन्यात रोख फेडलं, चेक मात्र परत आला नाही. म्हणून आज, पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं निपाणी गाठली.

"चेक कुठं ठेवलाय, सापडंना," भावजी म्हणाले.

"मग पैसे मिळाल्याचं लिहून द्या."

"घरच्या माणसाला पावती मागतोस व्हय रं?"

माझी बहीण, आक्का, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "घरचाच हाय, तर लिहून द्यायला एवढा येळ का लावताय?"

त्यांनी लिहून दिलं, पण नंतर माझ्याकडं बघितलं नाही.

खात्यात विणकरांची मजुरी आहे. चेक वटला तर त्यांना काय देऊ? उद्या बँक उघडताच तो थांबवायचा अर्ज देणार आहे. भावजींना ते कळणारच, आणि बोलणी आक्काला खावी लागतील.

तुम्ही दिला असता का अर्ज?