विंगेतून येणारी वाक्यं

माझ्या नाटकातली वाक्यं कोणीतरी बदलत होतं, आणि ते काम डॉक्टरकाकांचंच असणार अशी माझी पक्की खात्री होती.

अमेरिकेत, बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीचं नाटक मी लिहिते. पाठांतर कोणाचंच नसतं. ऑफिस आणि मुलांचं सॉकर यातून वेळ काढणार कोण? त्यामुळे नाटक चालवतो तो विंगेतला प्रॉम्प्टर. तो पुटपुटतो तेच स्टेजवरचा माणूस खणखणीत आवाजात म्हणतो. हा प्रॉम्प्टर म्हणजे माझा नवरा. घरी तो फारसा बोलत नाही, त्यामुळे काम अगदी योग्य माणसाला दिलंय, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे.

यंदाचं नाटक निवृत्तीला आलेल्या एका पुणेरी जोडप्याचं होतं. बायको तोंडाळ, नवरा मुखदुर्बळ. आता पुढे काय, असं ती विचारते आणि तो म्हणतो, "तू म्हणशील तसं." इथे हशा ठरलेला. पण तालमीत नवऱ्याचं काम करणारे डॉक्टरकाका तेवढ्यावर थांबेनात. "पण एकदा मला विचारून तर बघ," असं त्यांनी पुढे जोडलं. पुढच्या तालमीत तर माझ्या नाटकातल्या पुणेरी नवऱ्याला चक्क नागपूरचं ऊन आठवायला लागलं! काकांचं मेडिकल कॉलेज नागपूरचं. मला आणखी पुरावा नको होता.

जेवताना मी घरी चिडचिड केली. मुलगी जपानी रंगभूमीवर पीएचडी करते, ती वीकएंडला आली होती.

"आई, काबुकीच्या रायटर्सचं सेम व्हायचं," ती म्हणाली. "स्टार ॲक्टरला लाइन आवडली नाही, की चेंज. म्हणून काही जण बाहुल्यांच्या थिएटरसाठी लिहायला लागले. पपेट्स डोन्ट आर्ग्यू."

"मग मलाही बाहुल्याच आणून दे."

तिथे निवेदक सुरुवातीला संहिता कपाळाला लावतो, हेही तिने सांगितलं. हे डॉक्टरकाकांना कळवायला हवं, मी म्हटलं. मग ती काबुकीच्या नाटककारांच्या उमेदवारीबद्दल सांगू लागली. नव्या लेखकाने वर्षानुवर्षं नटांची भाषणं उतरवून काढायची, लाकडी टिपऱ्या वाजवायच्या, काळे कपडे घालून नटामागे दडून प्रॉम्प्टिंग करायचं. नशीब असेल तर एखादा किरकोळ प्रवेश लिहायला मिळायचा, तोही भल्या सकाळचा, थिएटर रिकामं असतानाचा. महत्त्वाचे प्रवेश मुख्य नाटककाराचे.

"म्हणजे प्रॉम्प्टर हा शिकाऊ नाटककारच की," मी म्हटलं.

मुलीने बापाकडे पाहिलं. त्याने आणखी आमटी वाढून घेतली.

त्यानंतर मला बाप-लेक दोघांचाही संशय यायला लागला. मी किचनमध्ये शिरले की बोलणं थांबायचं. मुलगीच काकांना फोनवर वाक्यं पुरवत असेल, बाप आतून सामील असेल आणि दोघं मिळून माझ्या नाटकाला हसत असतील. मुख्य नाटककार मी होते, आणि माझंच नाटक माझ्या हातून जात होतं.

शेवटच्या तालमीनंतर मी काकांना पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "काका, तुम्ही माझी वाक्यं का बदलता?"

"मी?" ते खो खो हसले. "अगं, पाठ असतं तर बदलली असती ना! विंगेतून येतं ते बोलतो. मला वाटलं, तूच रीराइट केलंस."

शेजारीच नवरा गाडी काढत होता.

घरी आल्यावरही मी त्याला काही विचारलं नाही. राग आला होता आणि त्या रागाच्या पोटात भीती होती. निवृत्तीनंतर राहायला म्हणून उन्हाळ्यात मी एक काँडो पसंत केला होता, इथलाच. तेव्हा तो म्हणाला होता, "तू म्हणशील तसं." त्याचंच वाक्य उचलून मी त्यावर लोकांना हसवणार होते. आणि तो मूळचा नागपूरचा, हे मला तालमीत एकदाही आठवलं नव्हतं.

प्रयोगाला मी त्याच्या मागे विंगेत उभी राहिले. आता काय सांगतो ते बघायचंच होतं. तो प्रवेश आला. नवऱ्याने हातातले कागद मिटले आणि पुटपुटला. डॉक्टरकाकांनी ते सगळ्या सभागृहाला ऐकवलं, "आयुष्यभर ‘तू म्हणशील तसं’च म्हणत आलो. मला परत जायचंय गं. तू कधी विचारलंस का?"

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतले आमचे सगळे निवृत्त काका-काकू ताठ बसले.

स्टेजवरच्या बायकोने पुढच्या वाक्यासाठी विंगेकडे पाहिलं. माझ्या नाटकात ती इथे चहा टाकायला जाते. पण माझा नवरा तिला काही सांगेना. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या खांद्यावरून पुढे झुकले आणि तिला हळूच वाक्य दिलं.

"नाही विचारलं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आता विचारते. तुला कुठे राहायचंय?"

डॉक्टरकाका उत्तरासाठी विंगेकडे बघत राहिले. माझ्या नवऱ्याचे ओठ हलत होते, पण आवाज काही फुटत नव्हता.