सातव्या महिन्यातलं फुप्फुस

“रिपोर्टमध्ये दूध लिहा आणि मोकळे व्हा,” आमचे मोठे डॉक्टर म्हणाले. “सिस्टरला मी आजच घरी पाठवतो.”

साठच्या दशकातली गोष्ट. अमरावतीच्या एका धर्मादाय इस्पितळात मी पॅथॉलॉजिस्ट होतो. म्हणजे शरीराचे तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहून आजार ओळखणारा डॉक्टर. भातकुलीच्या रामराव मास्तरांचं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं आणि दीड दिवसात गेलं. जाण्याआधी सुलोचना सिस्टरनं त्याला ड्रॉपरनं थोडं दूध दिलं होतं.

मास्तर माझ्या टेबलासमोर उभेच राहिले. “तिनं दूध पाजलं अन् पोरगं निळं पडलं. मले दुसरं काई सांगू नका. फाडून पाहा.”

पोस्टमॉर्टेम केलं. श्वासनळीत दुधाचा थेंब नव्हता. दूध पोटात होतं, जिथं असायला हवं तिथंच. फुप्फुस मात्र यकृतासारखं घट्ट होतं. तुकडा पाण्यात टाकला, तो बुडाला; म्हणजे आत हवा नव्हती.

स्लाइड तयार व्हायला चार दिवस लागले. तोवर सिस्टर घरी. स्लाइडवर हवेच्या वाटांना आतून गुलाबी, काचेसारखा थर दिसला. त्याबद्दल मी नुकतंच एका जर्नलमध्ये वाचलं होतं.

मी मास्तरांना बोलावलं. “भिजलेल्या वहीची पानं एकमेकांना चिकटतात ना? फुप्फुसातले हवेचे फुगे आतून ओले असतात. श्वास सोडला की तेही तसेच मिटतात. ते मिटू नयेत म्हणून काही पेशी साबणासारखं एक द्रव्य करतात. ते बारीक पिशव्यांत भरलेलं असतं. पिशवी पेशीच्या कडेला येते. तिचं आवरण पेशीच्या आवरणाला भिडतं, दोन्ही एकजीव होतात, तिथंच तोंड उघडतं आणि द्रव्य बाहेर पसरतं.”

“तुमाले दिसल्या त्या पिशव्या?”

“नाही. माझ्या मायक्रोस्कोपला तेवढं दिसत नाही. त्या नसल्या की हवेच्या वाटांत जो गुलाबी थर साचतो, तो दिसला. सातव्या महिन्यात त्या पुरेशा भरलेल्या नसतात. बाळ प्रत्येक श्वास नव्यानं ओढत होतं. दमलं.”

“म्हंजे त्या बाईनं काई केलं नाई.”

“नाही.”

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. “उद्या कोणी कोर्टात गेलं, तर ही पिशव्यांची गोष्ट टिकेल?”

“श्वासनळीत दूध नाही, हे टिकेल.”

त्यांनी सही केली. सिस्टर कामावर आली त्या दिवशी मास्तर भातकुलीहून मुद्दाम आले. वॉर्डच्या दारात तिला म्हणाले, “माह्याच्यानं चुकलं, बाई.”

मृत्यूच्या आधी जे घडलं तेच त्याचं कारण, असं मी त्यानंतर तपासल्याशिवाय कधी लिहिलं नाही. सुलोचना सिस्टरनं मात्र आठवड्याभरात बाळांच्या वॉर्डातून पुरुषांच्या वॉर्डात बदली मागून घेतली. रिपोर्ट तिच्या बाजूनं होता. तेवढ्यानं पुरलं नाही.